कॅपखालचा कापूस

इबादान, ८ ऑगस्ट

सुपो,

तुझा नंबर मी बंद करून टाकलाय. मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणशील ताईचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, "ताई, ऐक तर", "ताई, तुला यातलं कळत नाही", आणि मी बावळटासारखी ऐकत बसते. अख्ख्या मांडवाला माइकवरून गप्प करणारी बाई धाकट्या भावापुढे तोंड मिटून बसते! म्हणून कागद. कागदाच्या मध्ये तोंड घालता येत नाही. आपल्या मोकोला वस्तीतलं कुणी ना कुणी कॅनडाला निघालेलंच असतं, त्याच्या बॅगेत टाकीन.

काल माझी कॅप कापली. वरच्या पुढच्या दाताची, तू बसवलेली. "ताई, हिला कुणाला हात लावू देऊ नकोस, लाखात एक बसली आहे," म्हणाला होतास, तीच. आत काय निघालं सांगू? तुला कशाला सांगायला पाहिजे म्हणा, ठेवणारा तूच. कापूस निघाला. तांदळाच्या दाण्याएवढा, काळा, ओला कापूस. त्याचा असा भपकारा आला की डॉक्टरीणबाईंनी मास्कवर दुसरा मास्क चढवला. मी खुर्चीत आडवी, मला नाक धरायचीही सोय नव्हती. चार वर्षं हे माझ्या तोंडात होतं, सुपो. हे तोंड घेऊन मी नवऱ्या मुलींच्या कानाशी लागले, त्यांच्या सासवांच्या गालाला गाल लावले.

झालं असं. काल, शनिवारी, ओग्बोमोशोला साखरपुडा होता. मी मुलाकडची अलागा. सकाळी उठले तर वरचा ओठ नाकाला टेकलेला, डोळ्याखालपर्यंत सूज. मांडवाच्या दारात उभं राहून मुलाकडच्यांची बाजू लढवायची, मुलीकडची अलागा आत खुर्चीवर ठाण मांडून बसलेली असते तिला चार टोमणे हाणून वरात आत घ्यायला लावायची, आणि माझ्या तोंडातून धड शब्द फुटेना. माझ्या जागी दुसरीला पाठवलं आणि मोठ्या इस्पितळात गेले.

तिथे नवीन डॉक्टरीण आली आहे, एफिओम नावाची, कालाबारकडची. ती तुला ओळखत नाही. आणि इथेच सगळी मेख आहे. मी त्या इस्पितळात गेले की खुर्चीत बसायच्या आधी काय म्हणते ते तुला माहीत आहे. "हा दात माझ्या भावानं केलाय हं. डॉक्टर ओलासुपो. तुमच्याच हाताखाली शिकलेला, सुवर्णपदकवाला." की सगळे खूश. "अरे वा, सुपोचं काम! मग दाताकडे बघायलाच नको. हिरडीच बघू." एक्स-रे काढू का, असं एका पोरानं विचारलं होतं, तर मोठे डॉक्टर म्हणाले, "कशाला? सुपोशी फोनवर बोललोय मी. मुळातली नळी टोकापर्यंत भरली आहे म्हणतो." झालं. हिरडी चिरली, खरवडली, टाके घातले. एकदा नाही, दोनदा. स्तुती करणं हा माझा धंदा, आणि माझ्याच स्तुतीनं त्या लोकांचे डोळे झाकले. काल तोंड उघडत नव्हतं म्हणून भावाचं कौतुक बाहेर पडलं नाही, आणि म्हणून माझा एक्स-रे निघाला.

एफिओमबाई फोटो दिव्यापुढे धरून बघत राहिली. मग तिच्या त्या मोडक्यातोडक्या योरुबात म्हणाली, "बाई, या दाताची नस कोणी काढली?"

"भावानं," मी कशीबशी बोलले.

"आणि नळी कोणी भरली?"

"त्यानंच."

"भरलेली नाही. अर्ध्यापर्यंतसुद्धा नाही. वरून झाकण लावून दिलंय."

मला वाटलं हिला योरुबा येत नाही, बोलायचं एक आणि बोलते भलतंच. मी म्हटलं पुन्हा बघा. तिनं मला उठवून तो फोटो दाखवला. शेजारच्या दातात मुळापर्यंत बारीक रेघ दिसत होती. माझ्या या दातात रुंद काळी वाट, आणि तिच्या टोकापासून हिरडीपर्यंत कडेनं काळा डाग उतरलेला. ती म्हणाली, तुमच्या न्हाणीघराच्या भिंतीत आतला नळ फुटलाय आणि तुम्ही बाहेरून गिलावा करताय. पू आतून येतोय. मुळाच्या कडेनं वाट काढून हिरडीतून बाहेर पडतोय. हिरडी चिकटणार कशाला? किती वेळा गिलावा केला?

मी दोन बोटं दाखवली.

तिनं कपाळावर हात मारला. मग कॅप कापली.

मला तुझं उत्तर नको. एवढंच ध्यानात ठेव, की ताईला कळलं.

अशाबी


इबादान, २७ ऑगस्ट

सुपो,

अल्हाजा आत्या येऊन गेली. तू पाठवलीस हे तिनं पायातली चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं. तिला कुठे पोटात काही राहतं! नवा गेले-फेटा बांधून आली होती, डोक्यावर एवढा उंच की दारात वाकावं लागलं. मी म्हटलं, आत्या, समेट करायला आलीस की लग्नाला?

"दोन्हीला," म्हणाली. "डिसेंबरात सुपोचा साखरपुडा आहे आणि तुझं हे काय चाललंय? फोन बंद, दार बंद. रक्ताचा भाऊ आहे तो. एका दातासाठी?"

मी वरचा ओठ उचलून दाखवला. तिनं मान फिरवली.

"रडत होता गं फोनवर," आत्या म्हणाली. "घाबरला होता तेव्हा. विमानाचं तिकीट आलं, काम अर्धं राहिलं. पुढच्या खेपेला पुरं करीन म्हणाला. मग तिकडच्या परवान्यासाठी इथल्या दोन मोठ्या डॉक्टरांची शिफारस हवी होती. त्यांनीच तुझी कॅप उघडली असती तर? सुपोनं असलं काम केलं म्हणून गावभर झालं असतं. पोराचं आयुष्य उभं राहायचं होतं. तू मोठी, तू समजून घ्यायचंस."

म्हणजे तुला माहीत होतं. मला वाटलं होतं विसरला असशील, घाईत तुझ्या लक्षातच आलं नसेल, त्या दिवशी वीज गेली असेल. मी तुझ्यासाठी इतकी कारणं शोधून ठेवली होती, सुपो. आत्यानं ती सगळी एका दमात निकालात काढली.

तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. आयानवाले नावाच्या ढोलकऱ्याची वाकडी काठी माझ्या दाताला लागली, ओयोच्या लग्नात. त्या बिचाऱ्यानं तिथेच लोटांगण घातलं. मी हसले, म्हटलं बाबा, तुमचा ढोल बोलतो हे माहीत होतं, मारतो हे माहीत नव्हतं. पुढे दात करडा पडला. तू म्हणालास, ताई, नस मेली, मी करतो, आणखी कुणाकडे जायचं नाही. मला किती अभिमान वाटला होता! तू नस काढलीस, औषधाचा कापूस ठेवलास, म्हणालास अजून दोनदा यावं लागेल, नळी धुवायची, भरायची. मग तुझा व्हिसा आला. निघायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी बोलावून कॅप बसवलीस, निरोपाच्या जेवणात मला गायचं होतं म्हणून. मी विचारलं होतं, "आत भरलंस ना रे नीट?"

"काँक्रीटसारखं," म्हणालास. हसून.

मी त्या रात्री तुझ्या नावानं गायले. आईच्या, आजोबांच्या, त्यांच्या आजोबांच्या नावानं तुला ओवाळलं. लोक उठून नाचले.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच हिरडीवर पुटकुळी आली. फोन केला तर म्हणालास, काडीनं दात घासतेस म्हणून. काडी सोडली. मग कोलाची बी चघळतेस म्हणून. अरे, कोला सोडणारी अलागा कधी ऐकलीस? आशीर्वादाला कोला फोडून पहिला तुकडा आम्ही तोंडात घालायचा, तर मी तो हातात लपवून पदरात टाकायला लागले. मग म्हणालास मीठपाण्यानं चुळा भर. मग म्हणालास वय झालं. पहिल्या नाताळला तू ते विजेवर चालणारं दात घासायचं यंत्र पाठवलंस, चिठ्ठीसकट, "नीट घासत जा, ताई." मी ते शेजारणींना दाखवलं! भावानं कॅनडाहून पाठवलं म्हणून मिरवलं! आज आठवलं की कानशिलं तापतात.

आणि आता मुख्य गोष्ट. आत्याला मी विचारलं, "परवाना कधी मिळाला त्याला?"

"झाली की दोन वर्षं. तूच तर बकरा कापलास."

"आणि माझ्या पुढच्या दातांतली फट कधी बुजवली?"

तिला माहीत होतं. सगळ्या इबादानला माहीत आहे. गेल्या वर्षी ईस्टरनंतर. तेव्हा तुला कोणत्या शिफारशीची भीती होती? तू खुर्चीत बसलेला, परवाना भिंतीवर टांगलेला. तरी मला म्हणालास, "ताई, दोन दातांच्या फटीत अन्न अडकतं, म्हणून हिरडी बरी होत नाही. फट बंद करून घे. पण माझी कॅप तशीच राहू दे. शेजारच्या दाताला घासून त्यालाच रुंद कॅप बसवायला सांग, बोदिजात माझा मित्र आहे."

आईची फट, सुपो. आपल्यात ज्याला एजी म्हणतात, देवानं दिली तरच मिळते, ती. मला लोक नावानं ओळखत नाहीत, "एलेजी आली" म्हणतात. मी हसले की मुलाकडचे म्हातारे टोप्या उडवायचे. आई गेली तेव्हा शेजारच्या बायका माझ्या तोंडाकडे बघून रडल्या होत्या. ती फट मी बंद केली, कारण माझा डॉक्टर भाऊ म्हणाला. चांगला, जिता, ठणठणीत दात त्यांनी घासून सुळ्यासारखा केला, कारण तुझी कॅप कुणी उघडू नये. हे तुला फोनवर सांगताना काहीच झालं नाही? घसा तरी कोरडा पडला का?

आत्यानं माल्ट सरबताची बाटली संपवली आणि उठली. दारात म्हणाली, "तरी डिसेंबरात उभी राहशील ना त्याच्या बाजूनं? तू नसलीस तर लोक विचारतील."

विचारू देत.

केसानं गळा कापलास रे. दुसऱ्या कुणी कापला असता तर मी त्याच्या दारात जाऊन एवढा तमाशा केला असता की तीन गल्ल्या जमल्या असत्या. तुझ्या बाबतीत मी दार लावून बसले आहे. मला लाज वाटते. तुझी लाज मला वाटते, हा कुठला न्याय?

अशाबी


इबादान, ३ ऑक्टोबर

सुपो,

हिरडी भरत आली.

हे वाचून तुला बरं वाटेल, म्हणून लिहायचं नव्हतं. पण लिहिते, कारण मला कुणाला तरी सांगायचंय आणि यातलं दुसऱ्या कुणाला कळत नाही. एफिओमबाईनं सुरीला हातसुद्धा लावला नाही. टाका नाही, चिरणं नाही. नळी धुतली, औषध भरून ठेवलं, पुन्हा बोलावलं, पुन्हा धुतली. वास गेल्यावर, पाणी यायचं थांबल्यावर मग टोकापर्यंत भरली आणि फोटो काढून मला दाखवला. या वेळी पांढरी रेघ मुळाच्या टोकाला जाऊन थांबलेली. हिरडीला तिनं काहीच केलं नाही. हिरडी आपली आपण बसायला लागली. आधी पुटकुळी सुकली, मग बोट दाबलं तरी पू येईना, मग रंग बदलला. जांभळी होती ती आता माझ्या खालच्या ओठाच्या आतल्या बाजूसारखी झाली आहे.

मी विचारलं, "म्हणजे एवढंच होतं?"

"एवढंच," म्हणाली. "हिरडी तुमची चांगलीच होती हो. ती भरायलाच बसली होती. आतून तिला कुणी भरू देत नव्हतं. दोन वेळा उगाच चिरल्यामुळे थोडी वर सरकली आहे, आणि हाड थोडं गेलंय, ते सगळं परत येईलच असं मी म्हणत नाही. पण दात राहील."

घरी येताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्यानं विचारलं, कुणी गेलं का, आई? मी म्हटलं नाही, बरी झाले. तो घाबरून पुढे बघायला लागला.

मला वाटलं होतं बरं झाल्यावर राग उतरेल. उलटंच झालं. रोज सकाळी आरशात बघते, हिरडी कालच्यापेक्षा चांगली दिसते, आणि माझं डोकं कालच्यापेक्षा जास्त फिरतं. बरी झाली नसती तर म्हटलं असतं नशीब. ही तर बरी होणारच होती! तुझ्या एका फोननं झाली असती. "ताई, माझ्याकडून काम अर्धं राहिलंय, कॅप उघडून घे." एवढंच बोलायचं होतं. त्याऐवजी मी चार वर्षं तोंडापुढे पंखा धरून बोलले. इलोरिनच्या साखरपुड्यात नवऱ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गात होते, तर तिनं बुरख्याच्या कापडाआड मान वळवली. मला वाटलं लाजली. मागून माझ्या जोडीदारणीनं कानात सांगितलं, "अशाबी, पुदिना चघळ गं." त्या मोसमात माझी कामं निम्म्यावर आली. लोक म्हणायला लागले, एलेजी म्हातारी झाली, हसत नाही आता. मी हसत नव्हते कारण हसले की वास यायचा. आणि नंतर हसायला फटच उरली नाही.

एफिओमबाई म्हणते नव्या कॅपा करताना दोन दातांत फट ठेवता येईल. ठेवायची का? मी म्हटलं बघू. ती तिची फट होईल, आईची कुठली?

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र. गेल्या बुधवारी तुझ्या इबिदुनची आई आली होती, अबेओकुटाहून. एकटी. मुलगी द्यायच्या आधी मुलाकडे चौकशीला कुणीतरी येतं, ते मला माहीत होतं, पण ती स्वतः येईल असं वाटलं नव्हतं. कापडं रंगवते ना, दोन्ही हातांची नखं निळी, मनगटापर्यंत निळी. मी अमाला वाढला. तिनं दोन घास खाल्ले आणि हात धुऊन सरळ माझ्यासमोर बसली.

"बाई, तुमचं सगळं गाव ऐकतं," ती म्हणाली. "तुम्ही लंगड्याला सरळ चालणारा म्हणाल आणि लोक टाळ्या वाजवतील. ते लग्नात. आज मी पाहुणी नाही, मुलीची आई आहे. मुलगा दूर राहतो, आम्ही त्याला दोनदाच बघितलाय. बोलतो गोड. तुम्ही त्याला पाठीवर बांधून वाढवलंत. खरं सांगा, कसा आहे?"

सुपो, माझ्या जिभेला सवय आहे. "हिऱ्यासारखा" हा शब्द ओठावर आला होता. पण तो बाहेर पडेना. आणि जे खरं तेही निघेना. आई वारली तेव्हा तू शाळेच्या गणवेशात माझ्या कुशीत झोपला होतास. त्या पोराचं वाईट मी परक्या बाईपुढे कसं बोलू? मी भांडी उचलायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीशी उभी राहिले. बाहेर ती वाट बघत होती.

परत आले आणि म्हटलं, "माझ्याकडून ऐकू नका. त्याला फोन करा आणि विचारा, तुझ्या बहिणीच्या दाताला काय झालं होतं? एवढंच विचारा. तो काय सांगतो ते ऐका."

"दाताला?" ती म्हणाली.

"हो. पुढच्या."

तिनं डोक्यावरचं कापड नीट केलं आणि उठली. आणखी काही विचारलं नाही. शहाणी बाई आहे, तुझं नशीब चांगलं, अशी सासू मिळायला.

हे पत्र तुला मिळेपर्यंत तिनं विचारलेलं असेल, म्हणून लिहायला हरकत नाही. मी तुला फसवलं असं समजू नकोस. मी तुला दार उघडून दिलंय. खरं सांगितलं असशील, "माझ्या हातून काम अर्धं राहिलं, मी लपवलं, ताईचं नुकसान झालं," असं त्या बाईला तुझ्या तोंडानं सांगितलं असशील, तर मी नंबर उघडीन. डिसेंबरात मुलाकडून उभी राहीन आणि असं गाईन की मांडवाचं कापड उडेल. देवाशपथ सांगते. रोज प्रार्थना करते की तू सांगितलं असशील.

ताई


इबादान, १ नोव्हेंबर

सुपो,

इबिदुनची आई काल पुन्हा आली. या वेळी मुलीला घेऊन. इबिदुन गोड पोरगी आहे, फोटोत वाटते त्याहून उंच. खाली बसून तिनं मला नमस्कार केला आणि आईच्या मागे जाऊन बसली.

आई म्हणाली, "विचारलं मी त्याला."

मी खुर्ची पुढे ओढली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताईच्या हिरड्या पहिल्यापासून कमजोर. आमच्या आईच्याही तशाच होत्या, घराण्यातच आहे. दात मीच वाचवला, म्हणाला, माझं काम अजून तसंच ठणठणीत आहे. हिरडीवर मोठे मोठे डॉक्टर उपचार करतायत. तुम्ही काळजी करू नका, इबिदुनच्या दातांची काळजी मी घेईन, असं म्हणाला. हसला."

आमच्या आईच्याही तशाच होत्या.

अरे, आई मेली तेव्हा तिचे सगळे दात जागच्या जागी होते! मरायच्या आदल्या आठवड्यात तिनं कडू कोला दातांनी फोडून तुला दिला होता, तू तोंड वाकडं केलंस म्हणून तिनं तुला चापट मारली होती. तिच्या हिरड्या तू कधी बघितल्यास? माझं तोंड नासवलंस, ते मी कुठेतरी गिळलं असतं. मी तुझी आहे, मला तू कसंही वापरलंस. पण स्वतःची कॅप वाचवायला तू तिच्या तोंडात हात घातलास. ती उत्तर द्यायला नाही म्हणून.

आणि परवाना मिळालाय, शिफारस मिळाली आहे, कॅप कापून कचऱ्यात गेली आहे. आत्यापुढे तू रडलास, सगळं कबूल केलंस. आता लपवायला काही उरलंसुद्धा नव्हतं. तरी तुझ्या तोंडून खोटंच निघालं. आता मला कळलं की ते घाबरल्यामुळे नव्हतं. तुला तेच सोपं जातं.

"हे खरं का?" इबिदुनच्या आईनं विचारलं.

इबिदुन माझ्याकडे बघत होती. तिला फार वाटत होतं की मी हो म्हणावं. मला तिची दया आली. मला स्वतःची पण आली.

मी त्या दोघींना खिडकीशी नेलं, उजेडात. वरचा ओठ उचलला. एफिओमबाईनं तात्पुरत्या बसवलेल्या प्लास्टिकच्या कॅपा आणि त्यांच्यावरची हिरडी दाखवली. म्हटलं, "बघा, कमजोर दिसते का?" इबिदुनच्या आईनं वाकून बघितलं. मग मी सगळं सांगितलं. कापूस, अर्धी नळी, दोन वेळा चिरलेली हिरडी, घासलेला चांगला दात. मोठा आवाज केला नाही, रंगवून सांगितलं नाही. माझ्या आयुष्यात इतकं साधं मी कधी बोलले नसेन. तुझं वाईट बोलायचं म्हणून नाही बोलले. आईचं नाव निघालं म्हणून बोलले.

इबिदुननं एकच विचारलं. "तुम्हाला सगळं कळलंय हे माहीत असूनही तो तसं म्हणाला?"

"हो," मी म्हटलं.

ती अंगणात जाऊन उभी राहिली. तिची आई माझ्याजवळ बसून राहिली, निळ्या बोटांनी माझ्या हातावर थोपटत. ती म्हणाली, "लग्न करायचं की नाही ते मुलगी ठरवेल. मी तिला बांधून देणार नाही आणि अडवणारही नाही. पण केलंच तिनं, तर बाई, तुम्ही यायचं. तुमच्याशिवाय मुलाकडून कोण उभं राहणार?"

"मी येईन," मी म्हटलं. "पण मला तुमच्या बाजूला खुर्ची द्या. मुलाकडे माझं कुणी नाही."

अशाबी